पहाऱ्यानें भाषा राखतां येते काय?

इ. स. २०१३ च्या फेब्रुवारी महिन्यांत बांगलादेशाच्या सरकारनें एका मांजरावर बंदी घातली. मांजर जपानी, निळ्या रंगाचें आणि यांत्रिक; नांव डोरेमॉन. १९६९ सालीं चित्रकथेच्या रूपानें तें जन्मास आलें आणि १९७९ पासून जपानच्या दूरचित्रवाणीवर कायमचें ठाण मांडून बसलें. पुढें भारतांतील वाहिन्यांनीं त्यास हिंदी बोलावयास शिकविलें, आणि उपग्रह व केबल यांच्या वाटेनें तें ढाक्याच्या घराघरांत जाऊन पोहोंचलें. तेथील मुलें रोज त्याच्या संगतींत रमूं लागलीं आणि पाहतां पाहतां हिंदी बोलूं लागलीं. शिक्षक नाहीं, पुस्तक नाहीं, परीक्षा नाहीं; तरी भाषा जिभेवर आली. आईबापांनीं कपाळास हात लावला, वृत्तपत्रांनीं ओरड केली आणि अखेर मुलांच्या शिक्षणांत विघ्न नको या कारणास्तव सरकारनें त्या हिंदी बोलणाऱ्या मांजरास सीमेबाहेर घालविलें.

या प्रकरणाची आठवण आज काढण्याचें कारण असें कीं, आपल्याकडील कित्येक भाषाभिमानी गृहस्थांस ही बंदी फार अनुकरणीय वाटते. मुलांच्या कानांवर परभाषा पडूं दिली नाहीं म्हणजे मातृभाषा आपोआप सुरक्षित राहिली, अशी त्यांची सरळ समजूत आहे. दुसरा एक पक्ष याच्या उलट टोकास उभा आहे. मुलें फुकटांत एक भाषा शिकलीं, यांत रडण्यासारखें काय, असें तो विचारतो. आणि जी भाषा शाळेंत दहा वर्षें घासून येत नाहीं ती पडद्यासमोर दोन वर्षांत येत असेल तर शाळाच बंद कां करूं नये, इथपर्यंत त्याची मजल जाते. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत; परंतु पहिल्या पक्षाशीं आमचें भांडण अधिक आहे. तो आमच्या घरचा आहे, त्याचा हेतु आमचाच हेतु आहे, आणि म्हणूनच त्याचा उपाय चुकला तर नुकसान आमचें आहे.

प्रथम पहिल्या पक्षाचें अत्यंत भावनोत्कट असें जें प्रमाण आहे, त्याचा विचार करूं. १९४८ च्या मार्च महिन्यांत ढाक्यास जाऊन जिनांनीं पाकिस्तानची राजभाषा उर्दू आणि उर्दूच राहील, असें बजाविलें. बंगाली तरुणांनीं तें मानलें नाहीं. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं ढाक्याच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्या चालल्या, विद्यार्थी पडले, आणि १९५६ च्या राज्यघटनेंत बंगालीस राजभाषेचें स्थान द्यावें लागलें. त्याच दिवसास युनेस्कोनें १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनाचा मान दिला. आतां बोलभाषेच्या पातळीवर हिंदी व उर्दू यांत अंतर तें किती? तेव्हां हे गृहस्थ म्हणतात कीं, आजोबांनीं जी भाषा छातीवर गोळी झेलून दाराबाहेर ठेविली, तीच नातवांनीं एका मांजराच्या बोटास धरून घरांत आणली. बंदुकीस जें साधलें नाहीं तें पडद्यानें साधलें!

वाक्य टाळीचें आहे, पण त्यांतून निघणारा बोध वेगळा आहे. बंदूक हरली ती कां? कारण सक्तीनें आणलेल्या भाषेस मनुष्य जिभेवर घेतो, पण मनांत घेत नाहीं. मग पडदा जिंकला तो कां? कारण त्यानें सक्ती केली नाहीं. त्यानें गोष्ट सांगितली. ज्या इतिहासानें सक्तीचें दौर्बल्य इतक्या स्पष्टपणें शिकविलें, त्याच इतिहासाचा दाखला देऊन पुन्हां सक्तीचाच आश्रय करणें, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार आहे. आजोबांनीं बंगालीवरील सक्ती मोडून काढली. नातवांस बंगालीची सक्ती करून त्यांचें ऋण कसें फिटेल?

बंदीनें परभाषा अडविण्याचा प्रयोग जगांत यापूर्वीं मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, आणि तो करणारीं सरकारें ढाक्याच्या सरकारापेक्षां कितीतरी कठोर होतीं. एस्टोनिया हा देश सोव्हिएत राज्याचा भाग असतां त्याची राजधानी टॅलिन आणि फिनलंडची राजधानी हेलसिंकी यांच्यामध्यें सुमारें ऐंशीं किलोमीटरांचें आखात काय तें आडवें होतें. १९७१ सालीं हेलसिंकीजवळ एस्पो येथें नवा उंच मनोरा उभा राहिला आणि फिनलंडची दूरचित्रवाणी उत्तर एस्टोनियांत अधिकच स्वच्छ दिसूं लागली. सोव्हिएत बनावटीच्या संचांत ती नीट उमटावी म्हणून लोकांनीं एक लहानसें जादा यंत्र बसवून घेतलें. सत्ताधाऱ्यांस हें रुचण्यासारखें नव्हतेंच. पण हवेंतून येणाऱ्या लहरींस परवाना विचारणार कोण? परिणाम असा झाला कीं, टॅलिनकडील एक सबंध पिढी घरबसल्या फिन्निश समजूं व बोलूं लागली, आणि ज्या दक्षिण भागांत त्या लहरी पोहोंचत नव्हत्या, तेथें ती भाषा तितकी पसरली नाहीं. या सर्व प्रकारावर जाक किल्मी यानें २००९ सालीं एक चित्रपटच काढला आहे.

एस्टोनियाची गोष्ट सोपी होती, असें कोणी म्हणेल. एस्टोनियन आणि फिन्निश या एका कुळांतल्या भाषा, बहिणीबहिणीच. तर मग आल्बेनिया पाहा. आल्बेनियन भाषा ही आर्य भाषाकुलाची स्वतंत्र शाखा. तिनें लॅटिनमधून शब्द पुष्कळ उचलले असले तरी इटालियन तिची बहीण नव्हे. एन्व्हर होजा याच्या राजवटींत, म्हणजे १९४४ पासून १९८५ पर्यंत, हा देश युरोपांतील अत्यंत कडेकोट बंद देश झाला होता. इटालियन दूरचित्रवाणी पाहणें धोक्याचें होतें; सरकार तिच्या लहरींत मुद्दाम अडथळे उत्पन्न करी. तरी लोकांनीं डबेडुबे जोडून घरगुती साधनें बनविलीं, खिडक्या लावून घेतल्या आणि आवाज बारीक करून इटलीचीं गाणीं, खेळ व जाहिराती पाहिल्या. १९९१ सालीं दारें उघडलीं, तेव्हां बाहेर पडलेल्या हजारों आल्बेनियन लोकांस इटालियन येत होती. शाळेनें ती शिकविली नव्हती. पहाऱ्यानें ती अडविली नव्हती. उलट जी वस्तु इतक्या बंदोबस्तांत ठेवावी लागते ती खचित गोड असली पाहिजे, हा मनुष्यस्वभावच आहे. तेथें पहाऱ्यानें परभाषेचें माधुर्य वाढविलें, इतकेंच.

तिसरें उदाहरण आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. १९८० नंतरच्या दशकांत रुमानियाच्या चाउशेस्कू सरकारनें काटकसरीच्या नांवाखालीं आपल्या दूरचित्रवाणीचें रोजचें प्रक्षेपण सुमारें दोन तासांवर आणून ठेविलें, आणि त्या दोन तासांतलाही मोठा वांटा नेत्याच्या गुणगानास दिला. तेव्हां राजधानी बुखारेस्टच्या नागरिकांनीं छपरांवरच्या अँटेना दक्षिणेकडे, बल्गेरियाच्या दिशेनें वळविल्या. बल्गेरियन ही स्लाव्ह भाषा, रुमानियन लॅटिनची लेक, लिपीही वेगळी. बल्गेरियन कार्यक्रम जगांत श्रेष्ठ होते अशांतलाही भाग नाहीं. तरीसुद्धां लोक ते पाहूं लागले आणि कित्येक ती भाषा थोडीबहुत शिकलेही. शेजाऱ्याचें ताट पक्वान्नांचें होतें म्हणून नव्हे, तर आपल्या घरची चूल विझलेली होती म्हणून! शेजारच्या भाषेचा शिरकाव होतो तो बहुधा शेजाऱ्याच्या पराक्रमानें होत नाहीं. आपल्या घरांतील रिकाम्या जागेनें होतो. आमच्या भाषाभिमानी मित्रांनीं हें एक वाक्य ध्यानीं धरलें, तरी या लेखाचें काम झालें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. कारण वरील उदाहरणें वाचून तो मनांत हर्षला असेल. पडदा हाच खरा गुरु, हें आम्हींच सिद्ध करून दिलें, असें त्यास वाटलें असेल. त्याचा हर्ष फार वेळ टिकूं देणें योग्य होणार नाहीं. अमेरिकेंतील पॅट्रिशिया कूल या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांस बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविण्यांत आली. कांहीं बालकांसमोर चिनी बोलणारी जिवंत व्यक्ति बसून खेळली व बोलली. कांहींस तेंच बोलणें पडद्यावर दाखविलें. पहिल्या बालकांस चिनी ध्वनींतील सूक्ष्म भेद ओळखतां येऊं लागले. पडद्यासमोरचीं बालकें जेथल्या तेथें राहिलीं. त्यापूर्वीं, १९८१ सालीं, दुसऱ्या संशोधकांनीं एका अशा मुलाची हकीकत लिहिली कीं, ज्याचे आईबाप बहिरे होते व ज्याच्या कानीं भाषा पडे ती मुख्यतः दूरचित्रवाणीवरून. मूल ऐकूं येणारें, बुद्धीनें चांगलें. तरी पावणेचार वर्षांच्या वयास त्याची वाक्यरचना चमत्कारिकच राहिली होती. मोठीं माणसें त्याच्याशीं नियमानें बोलूं लागलीं, तेव्हां ती झपाट्यानें सुधारली. पडदा बोलतो, पण ऐकत नाहीं. मूल अडखळलें तर तो थांबत नाहीं, चुकलें तर सुधारीत नाहीं, विचारलें तर उत्तर देत नाहीं.

मग ढाक्याचीं मुलें शिकलीं कशीं? याचें उत्तर अवघड नाहीं. त्यांच्याजवळ बंगाली ही भाषा आधींच होती, आणि हिंदी तिच्या नात्यांतली; निम्मे शब्द ओळखीचेच. चित्र असें कीं, शब्द न कळला तरी प्रसंग कळावा. तेच तेच प्रसंग पुन्हां पुन्हां यावयाचे, म्हणजे उजळणी आपोआप. आणि मुख्य गोष्ट ही कीं, पडदा बंद झाल्यावर तीं मुलें एकमेकांशीं त्या मांजराचा व त्याच्या मित्रांचा खेळ खेळत, आणि त्या खेळांत हिंदी बोलत. अर्थात् भाषा पक्की झाली ती सवंगड्यांत. पडद्यानें बीं टाकलें; तें रुजलें खेळाच्या अंगणांत. नुसत्या पडद्याचें माहात्म्य गाणाऱ्यांनीं हें अंगण हिशेबांत धरलेलेंच नसतें.

शिवाय पडद्यावरून आलेली भाषा आपल्याबरोबर जें जग आणते, तें खऱ्या जगाशीं जुळेलच असें नाहीं. ८ ऑगस्ट १९९१ रोजीं 'व्ह्लोरा' नांवाचें जहाज सुमारें वीस हजार आल्बेनियन लोकांस घेऊन इटलीच्या बारी बंदरास लागलें. त्यांतील पुष्कळांस इटालियन कळत होती. पण ती गाण्यांची, बक्षिसांच्या खेळांची व जाहिरातींची इटालियन होती. खऱ्या इटलीनें त्यांस एका क्रीडांगणांत कोंडून ठेविलें आणि बहुतेकांस थोड्याच दिवसांत परत पाठविलें. भाषा आली होती. ती बोलणारा मनुष्य मात्र त्यांस कधीं भेटलाच नव्हता. जे आईबाप मूल परदेशी मालिका पाहून चार वाक्यें फेकूं लागलें कीं त्यास बहुभाषाकोविद समजतात, त्यांनीं बारीच्या त्या धक्क्याचें स्मरण ठेवावें.

येथवर आम्हीं दोन्ही पक्षांचें खंडन केलें. आतां खरी भीति कशाची, तें सांगितलें पाहिजे. कारण आम्हांस मुळींच भीति वाटत नाहीं, असा समज होऊं नये. मूल दुसरी भाषा शिकलें यांत भीतीचें कांहीं नाहीं. तो लाभच आहे. भीति आहे ती दोन भाषांत पडणाऱ्या कामाच्या वांटणीची. ज्या घरांत गोष्ट हिंदींत, विनोद हिंदींत, साहस हिंदींत, आणि शुद्धलेखन, पाढे व रागावणें तेवढें मातृभाषेंत, त्या घरांत आनंदाची भाषा एक आणि कर्तव्याची भाषा दुसरी, अशी फारकत होते. एस्टोनियांत कर्तव्याची भाषा रशियन होती. ती शाळेंत सक्तीची होती. आनंदाची भाषा फिन्निश होती. परंतु मनाची भाषा एस्टोनियनच राहिली; कारण गाणीं व गोष्टी त्या भाषेंत होत्या, आणि हजारों कंठ एकत्र येऊन तीं गाणीं गात होते. आमच्या मुलांच्या बाबतींत आम्ही जें करीत आहों तें याहून भयंकर आहे. परक्या राज्यकर्त्याच्या भाषेस जी जागा मिळावयाची, ती पाठांतराची व धाकाची जागा आम्ही आपल्या हातानें मातृभाषेस देत आहों.

'आमच्या मुलांच्या' असें आम्हीं जाणूनबुजून म्हटलें. ढाक्यास पोहोंचलेलें तें मांजर मुंबई, पुणें आणि नागपूर येथें त्याआधींच पोहोंचलें होतें आणि तेंही हिंदीच बोलत होतें. बांगलादेशास तें शेजारच्या देशाचें तरी होतें. आम्हांस तें आपल्याच देशांतलें, म्हणून कोणास वावगें वाटलें नाहीं. मराठी घरांतलीं मुलें खेळतांना एकमेकांस हिंदींत आव्हान देतात आणि जेवावयास हांक मारली म्हणजे मराठींत उत्तर देतात, हें दृश्य ज्या वाचकानें पाहिलें नसेल त्यानें संध्याकाळीं आपल्याच वाड्याच्या किंवा सोसायटीच्या आवारांत थोडा वेळ उभें राहावें.

यावर बंदी घाला, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही वाडवडिलांचें उदाहरण देतों. इंग्रजी शाळा आल्या तेव्हां इंग्रजी पुस्तकें जाळा, असें शहाण्या माणसांनीं सांगितलें नाहीं. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं मुलांकरितां 'आनंद' मासिक काढलें. नांव पाहा! आनंदाची भाषा मराठीच असली पाहिजे, हें त्या गृहस्थानें सिद्धान्त न मांडतां एका शब्दांत सांगून ठेविलें. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां त्यावरही 'किलबिल' सारखा मुलांचा मराठी कार्यक्रम आला आणि घरोघर आवडीनें पाहिला गेला. पुढें वाहिन्यांचा सुळसुळाट झाला, त्या वेळीं दक्षिणेनें काय केलें? तामिळ मुलांकरितां २००७ सालीं, तेलुगु व कन्नड मुलांकरितां २००९ सालीं आणि मल्याळी मुलांकरितां २०११ सालीं त्यांच्या त्यांच्या भाषेंत स्वतंत्र बालवाहिन्या निघाल्या. त्या कोणा साहित्यसंमेलनाच्या ठरावानें निघाल्या नाहींत, पैसा मिळतो असें पाहून व्यापाऱ्यांनींच काढल्या. त्याच काळांत आम्ही मराठी भाषा टिकेल कीं नाहीं, यावर परिसंवाद भरवीत होतों, आणि सासवासुनांच्या कारस्थानांच्या मराठी मालिका रात्रीं न चुकतां पाहत होतों. प्रौढांच्या करमणुकीस मराठी चालते. मुलांच्या करमणुकीस मात्र ती परवडत नाहीं, हें कोणतें अर्थशास्त्र?

येथें आक्षेप येईल कीं, मोठ्या भाषेची बाजारपेठ मोठी, तिचा माल स्वस्त. लहान भाषेनें तिच्याशीं टक्कर द्यावी कशी? अगोदर कुंपण घातल्यावांचून रोप वाढत नाहीं. या आक्षेपांत सत्याचा अंश आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. भारताच्या वाहिन्या बांगलादेशांत घरोघर दिसत असतां बांगलादेशाची सरकारी वाहिनी भारतांत दिसूं लागली ती २०१९ सालीं. एवढ्या एकतर्फी प्रवाहापुढें ढाक्याच्या आईबापांनीं हाय खाल्ली असेल, तर त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु कुंपण घालणारानें आंत रोप तरी लाविलें पाहिजे. नुसत्या कुंपणाच्या आंत गवतच माजावयाचें. खुद्द बांगलादेशांत अखेरीस काय झालें? बंदीनंतर तेंच मांजर बंगाली बोलूं लागलें आणि तेथील वाहिनीवर आलें. जें अखेर करावें लागलें तें आधींच केलें असतें, तर बंदीची गरजच कोठें होती? आणि मराठी ही कांहीं मूठभर लोकांची भाषा नव्हे. २०११ च्या शिरगणतींत आठ कोटींहून अधिक लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली आहे. एस्टोनियन बोलणारे सारे मिळून दहा-अकरा लाख; तरी त्यांच्या मुलांस त्यांच्या भाषेंत कार्यक्रम मिळतात. तेव्हां बाजारपेठेची सबब दहा लाखांनीं सांगितली तर ऐकूं. आठ कोटींनीं सांगूं नये.

म्हणून आमचें मागणें सरकाराकडे थोडें व वाचकांकडे अधिक आहे. पालकांनीं वाहिनी बंद करण्यासाठीं अर्ज करण्याऐवजीं वाहिनीवर मराठी आवाज मागण्यासाठीं पत्रें लिहावींत. जेथें भाषा निवडण्याची सोय आहे तेथें ती कळ दाबण्याचे श्रम घ्यावेत, कारण मागणी दिसल्यावांचून व्यापारी हलत नाहीं. लेखकांनीं मुलांसाठीं लिहिणें हें हातचा मळ समजण्याचें सोडून द्यावें. आपली उत्तम प्रतिभा त्यांत खर्च करावी. ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनीं पुतळ्यांस व सत्कारांस जें देतात त्याचा दहावा भाग मराठी बालचित्रांस द्यावा. आणि संध्याकाळीं पडदा बंद झाल्यावर घरांतील एका तरी मोठ्या माणसानें मुलाजवळ बसून, आज त्या मांजरानें काय केलें, हें त्यास मराठींत सांगावयास लावावें, आणि मूल अडखळेल तेथें त्यास शब्द पुरवावा. मुलाचें हिंदी त्यानें जाणार नाहीं, जाऊंही नये. पण जी गोष्ट त्यानें हिंदींत ऐकली ती मराठींत सांगतां सांगतां मराठीही आनंदाच्या कामास लागेल. यास कायदा लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं. अर्धा तास लागतो. तेवढा वेळ आपल्या भाषेकरितां ज्यास काढतां येत नाहीं, त्यानें बंदीच्या अर्जावर सही करण्याचीही तसदी घेऊं नये.